मारोतरावांचा नवा उंबरठा

पुढून

जैनथच्या मारोतरावांचं घर जुनं, आणि त्यांच्या मते सगळा दोष घराच्या तोंडाचा. मुलासाठी, जीवनसाठी, दोन ठिकाणचे लोक आले, घर पाहून गेले, चहा पिऊन गेले. निरोप आला नाही. वांग्या-भेंडीचा मळा चांगला, पोरगा साधी सुपारी खात नाही. मग राहिलं काय?

दार. खाली वाळवीनं खाल्लेलं, वर तीन रंगांच्या खपल्या, उघडं ठेवायला टेकवलेला दगड.

"इतवारी इचोड्याचे पाव्हणे येऊन राह्यले," मारोतराव म्हणाले. "हेबी गेले तं तू असाच राह्यतं."

"मले शीतल आवडली बाबा." जीवन मुलगी पाहून आला होता. "दाराचं तुमी पाहा."

गुरुवार ते शनिवार

ओट्याला फरशी. भिंतीला असा केशरी रंग की समोरचं घर आजारी दिसायला लागलं. सागाची चौकट. स्टीलचा कठडा. दोन कुंड्या, एकीत झाड. आणि पुढच्या ओट्यावरचं सगळं मागच्या अंगणात: फवारणीचा पंप, खुराडं, सरकीची पोती, मोडकी बाज, बिघडलेली मोटर, अजून एक बिघडलेली मोटर.

उंबरठा फकिरा मिस्त्रीनं शनिवारी दिवे लागताना बसवला. उशीर का झाला ते त्यानं सांगितलं. ती गोष्ट लांबलचक आहे.

इतवार, सात

जीवनची आई, मथुराबाई, दारात आडवी उभी.

"पाच सवाशिणी हळदकुंकू वाहतीन, मंग पाय. त्याच्या आधी माणूस नाई, कुत्रं नाई."

"मंग बोलाव ना पाच!"

कोणाला? कापूस वेचायचे दिवस. गावातल्या बाया सहालाच ऑटोत बसून वावरात गेलेल्या. मथुराबाई एक. शेजारच्या देवकाबाई, गुडघ्यांमुळं घरी, त्या दोन.

"मी दोनदा वाह्यतो," देवकाबाई म्हणाल्या.

"दोनदा वाह्यलं तरी बाई एकच ना व!"

तीन कमी. मारोतराव चौकापर्यंत जाऊन आले.

तीनच कमी.

इतवार, साडेदहा

गाडी थांबली. शीतलचे वडील, इचोड्याचे किराणा दुकानदार भगवानराव उतरले, मागून त्यांची बायको विमलबाई. दोघांनी दाराकडं पाहिलं.

"वा!"

या घराला कोणी वा म्हणण्याची ही पहिली वेळ. मारोतरावांना ती नीट चाखताही आली नाही. हात जोडून ते म्हणाले, "इकून नका येऊ."

"मंग?"

"बोळीतून. मागून."

"पण दार तं मस्त दिसून राह्यलं!"

"दिसाले झालं जी. चालाले अजून नाई झालं."

ओट्याच्या कडेला उभ्या मथुराबाईंनी विमलबाईंच्या कपाळाकडं पाहून हळूच तिसरं बोट दुमडलं. तीन. पण पाव्हणीला कामाला लावतात का कुठं? आणि तरी दोन कमीच.

मागून

पहिली मोटर. पोती. दुसरी मोटर, इथं भगवानरावांची पॅन्ट खुराड्याच्या तारेत अडकली. आणि नळापाशी, बनियनवर, कोपरापर्यंत राख, मांडीत कढई: जीवन. बाबा पाच बाया जमवतील, पाव्हणे पुढं बसतील, मग शर्ट घालून जाऊ, असा त्याचा हिशेब होता.

जीवननं नळ बंद केला.

"नाई नाई!" मारोतराव ओरडले. "तो कधीच घासत नाई! आमच्या घरात माणसं भांड्याले हात लावत नाईत!"

विमलबाईंनी त्यांच्याकडं पाहिलंही नाही. जीवनला विचारलं, "आजच घासून राह्यले काय जी?"

जीवननं बापाकडं पाहिलं. बापाची मान जोरजोरात हो म्हणत होती. मग त्यानं कढईकडं पाहिलं.

"रोज घासतो. आईचं मनगट दुखते."

मारोतराव होते तिथंच, मोटरीवर बसले. गेलं स्थळ. साग गेला, स्टील गेलं, केशरी गेला.

विमलबाईंनी कढई उचलली. उलटी केली. बुडावरून अंगठा फिरवला, अंगठा उन्हात धरून पाहिला. मग फोन लावला.

"शीतल? हाव, पोचलो... नाई व, पुढून आत गेलोच नाई... ऐक तं. कढईचं बूड पांढरं हाये. बूड!... त्यानंच. रोज."

पलीकडून शीतल बोलत राहिली. मग फोन खाली घेतला.

"पोरगी हो म्हणते," त्या मारोतरावांना म्हणाल्या. आणि तारेतून पॅन्ट सोडवणाऱ्या नवऱ्याकडं वळल्या. "आन् म्हणते, बाबाले जवळून दाखव, कसं घासतेत ते."