चरकावरचं कुलूप

ऑस्ट्रेलियातल्या मकायच्या साखर कारखान्यात चरकाचा सुटा भाग बदलायला आत उतरणारा प्रत्येकजण स्विचला आपलं कुलूप लावतो. ते ज्याचं त्यानेच काढायचं; तोवर चरक फिरत नाही.

काम आटोपून टॅरा बाहेर आली, तोच पाळणाघरातून फोन आला. लेकीला ताप चढला होता. कुणाला न सांगता ती धावत सुटली.

पोरीला औषध पाजून आपल्या आईच्या मांडीवर दिल्यावर खिशातली किल्ली हाताला लागली: कुलूप स्विचवर तसंच राहिलं होतं. फोनची बॅटरीही संपलेली. चरक खोळंबला म्हणून सगळे शिव्या घालणार, असं घोकतच ती परतली.

पण तिथे टॉर्च घेतलेली माणसं चरकाच्या पोटात वाकून तिलाच हाका मारत होती. म्हातारा फोरमन डेस उसाच्या चोथ्याने माखून बाहेर आला आणि तिला पाहताच मटकन खाली बसला.

"आल्या राणीसरकार!" मागून कुणीतरी म्हणालं.

"गप रे," डेस म्हणाला. "अगं बये, आता तुझ्या पोरीला काय सांगायचं, तेच जुळवत होतो मी."

टॅरा खाली मान घालून कुलूप काढायला गेली. त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या, तर मान तरी वर करता आली असती.