जवभर खाली

"मान खाली," काका म्हणाले, आणि न्यायाधीशांनी मान खाली घातली.

आदल्याच दिवशी याच न्यायाधीशांनी भर कोर्टात दोन वकिलांना आणि एका फौजदाराला माना खाली घालायला लावल्या होत्या. इथे मात्र ते गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळून, नुकतीच अंघोळ घातलेल्या पोरासारखे मुकाट बसले होते. काकांचं दुकान हे गावातलं वरचं कोर्ट होतं. इथल्या हुकमावर अपील नव्हतं. गावातली माणसं तोंडावर त्यांना 'काका' म्हणत आणि पाठीमागे 'मानखाली'. काकांना ते ठाऊक होतं, कारण या दुकानात पाठीमागे बोललेलं समोरच्या आरशात दिसतं.

दुकान म्हणजे एक खोली, दोन खुर्च्या आणि एक बाक. पहिल्या खुर्चीमागे काका, दुसरीमागे त्यांचा लेक. बाक पाच जणांचा होता, त्यावर आठ जण बसत आणि त्यातल्या दोघांना केस कापायचे असत. बाकीचे नुसतेच आलेले असत. निवृत्त पोस्टमन तर रोज येई. त्याच्या डोक्यावर केस किती आणि तो दुकानात किती तास, याचा हिशेब कुणालाच लागला नव्हता. दारातून आत येणाऱ्यानं फक्त एवढंच विचारायचं, "शेवटचा कोण?" कुणीतरी बोट वर करायचं आणि मग त्या बोटाच्या मागे आपण. समोर नवं काचेचं सलून झालं होतं. तिथे फोन करून वेळ घ्यावी लागे. "दाताचा डॉक्टर आहे का तो?" असं काकांनी एकदाच विचारलं आणि तो विषय संपवला.

गावात 'मान खाली' या दोन शब्दांवर हरकत घेणारा एकच माणूस होता. हेडसर. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली, पण गाव अजून त्यांना बघून सायकलवरून उतरत असे. महिन्यातून एकदा, रविवारी सकाळी आठला ते येत आणि काकांनी "मान खाली" म्हटलं की आधी आरशातून रोखून बघत.

"घालतो. पण लक्षात ठेव, फक्त इथंच घालतो."

"हो सर."

"खात्याच्या साहेबापुढे घातली नव्हती."

"माहीत आहे सर. पण साहेबाच्या हातात वस्तरा नव्हता."

मग हेडसर हसत आणि मान खाली घालत. तीस वर्षं हे असंच, शब्दाला शब्द. तीन महिन्यांपासून मात्र सर आले नव्हते. अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, एवढं पोस्टमननं सांगितलं होतं. एरवी सांगितलेलं तो चारदा सांगे; हे त्यानं एकदाच सांगितलं.

न्यायाधीश गेले. लेकानं दार लोटून घेतलं आणि घसा साफ केला.

"बाबा, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"मग सांगूच नकोस."

"समोरचा सलूनवाला काल मला म्हणाला, तुमचं गिऱ्हाईक मी गर्दीत ओळखतो. म्हटलं, कसं काय? तर म्हणाला, उजवा कल्ला डाव्यापेक्षा जवभर खाली असतो. प्रत्येकाचा."

"त्याला म्हणावं, डोळे तपासून घे."

"मीही तेच म्हटलं. मग मी बघितलं." लेकानं बाकावर बसलेल्या सुताराकडे हात केला. सुतारानं पिशवीतून पाणसळ काढली. मुकाट्यानं उठून त्यानं ती आरशाच्या चौकटीवर ठेवली. सगळं दुकान पुढे वाकलं. काचेतला हवेचा बुडबुडा क्षणभर घुटमळला आणि सरळ डाव्या टोकाला जाऊन बसला.

"उजवीकडे उतरलाय," सुतार म्हणाला. "चांगलाच."

आरसा काकांच्या वडिलांनी लावला होता. तेव्हा दहा वर्षांचे काका खालून चौकट धरून उभे होते. डावा खिळा ठोकताना भिंतीत दगड लागला, म्हणून वडिलांनी तो बोटभर वर ठोकला आणि मागे सरून म्हणाले होते, "झाला सरळ." वडील सरळ म्हणाले म्हणजे सरळ, त्यात बघायचं काय? तेव्हापासून वडिलांनी, आणि नंतर अडतीस वर्षं काकांनी, गिऱ्हाइकाचे दोन्ही कल्ले त्या चौकटीच्या खालच्या कडेला डोळा लावून जुळवले होते.

काकांनी पोस्टमनची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. मग सुताराची. मग लेकाची, कारण त्याचे केसही तेच कापत. तिघांचेही उजवे कल्ले, जवभर खाली.

"मग बिघडलं काय?" पोस्टमन म्हणाला. "आमच्या घरून तीस वर्षांत तक्रार नाही आली."

"वहिनी तुझ्या तोंडाकडे बघत असतील तर येईल ना तक्रार," सुतार म्हणाला.

एरवी यावर काका सगळ्यांत आधी हसले असते. ते बाकाच्या कडेला बसले. गावात भिंतीभिंतीवर लग्नाचे फोटो होते आणि त्या प्रत्येक फोटोत एक नवरदेव छाती काढून, एक कल्ला खाली घेऊन उभा होता. शाळेतल्या मुलांचे वर्गावर्गांचे फोटो होते. नोकरीच्या अर्जांवर चिकटवलेले फोटो होते. नगराध्यक्षांचा पुतळा होता, आणि तो घडवणाऱ्यानं फोटो समोर ठेवून अगदी प्रामाणिकपणे काम केलं होतं.

"नवा लावू या," लेक हळूच म्हणाला. "मी बघून ठेवलाय. चौफेर दिवे असतात त्याला. बाबा, तिशीच्या आतलं गिऱ्हाईक सगळं समोर जातंय. आपणही थोडं बदलू."

"लाव," काका म्हणाले.

त्यांनी इतक्या लवकर होकार दिला की लेकालाच वाईट वाटलं.

नवा आरसा पाणसळ लावून बसला. बुडबुडा बरोबर मधे. दिवे असे लख्ख, की आपल्या नाकावर एवढं काय काय आहे ते गिऱ्हाइकांना पहिल्यांदाच कळलं. जुना आरसा मागच्या मोरीजवळ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, शिक्षा केलेल्या पोरासारखा.

काका सरळ कापू लागले. पहिल्याच दिवशी पोस्टमन घरी जाऊन अर्ध्या तासात परत आला.

"बायको विचारतेय, बरं नाही का तुम्हाला."

"का?"

"चेहरा कसासाच दिसतोय म्हणाली. दूध गरम करून दिलं. काका, मला दूध आवडत नाही."

न्यायाधीश आले, कापून झाल्यावर बराच वेळ आरशात बघत राहिले आणि "ठीक आहे" म्हणून गेले. त्यांच्या तोंडून ठीक आहे हा निकाल कुणी कधी ऐकला नव्हता. पण खरा बदल वेगळाच होता आणि तो बाकावरच्यांना आधी कळला. काका 'मान खाली' म्हणेनासे झाले. ते म्हणत, "जरा असं... हां, थोडंसं पुढे घेता का?" अख्ख्या गावाला मान खाली घालायला लावणाऱ्या माणसाची स्वतःचीच मान आता कुणाच्या कानाशी आली की खाली जाई. माणसं लवकर उठून जाऊ लागली. आठांच्या बाकावर पाचच बसू लागले आणि बाक रिकामा दिसू लागला.

तिसऱ्या रविवारी, सकाळी आठला, दारात चाकांची खुर्ची येऊन थांबली.

खुर्चीत हेडसर होते. मागे त्यांच्या पत्नी, मास्तरीणबाई, घामाघूम. शाळेजवळच्या घरापासून इथपर्यंत त्यांनी एकटीनं खुर्ची ढकलत आणली होती.

"शेवटचा कोण?" त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं.

कुणीच बोट वर केलं नाही. सगळा बाक उभा राहिला. चौघांनी खुर्ची पायरीवरून अलगद उचलून आत घेतली, लेकानं सरांना काखेत हात घालून काकांच्या खुर्चीवर बसवलं. सरांची मान उजव्या खांद्याकडे कलली होती आणि तिथेच राहिली होती. ओठांचा उजवा कोपरा खाली ओघळला होता. नजर मात्र तीच, सायकलवरून उतरवणारी. फक्त ती आता जमिनीकडे होती.

मास्तरीणबाई काकांना बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुमच्या समोरचा सलूनवाला घरी येऊन कापून गेला होता. बिचाऱ्यानं चांगलं कापलं. पण त्यानं आरसा पुढे धरला, आणि त्या दिवसापासून हे बाहेर पडायला तयार नाहीत. घरातले आरसे मी उलटे करून ठेवलेत. वाचायला बसवलं तरी बसत नाहीत. माणसं आली की भिंतीकडे तोंड करतात. आज कसंबसं आणलंय. म्हटलं, तुमच्या आरशात तरी बघतील. सवयीचा आहे तो."

काकांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तोवर सरांनी डोळे वर उचलले होते.

समोर नवा आरसा होता. चौकोनी, लख्ख, चारी कडा ओळंब्यात. त्या चारी कडांच्या मधोमध सर किती कललेत ते अगदी मोजून दिसत होतं. दिव्यांनी काही लपवलं नाही. सरांनी बघितलं आणि डोळे मिटून घेतले. डावा हात खुर्चीवरून उठला, दाराकडे वळला.

"घ... घरी."

मास्तरीणबाईंनी पदर तोंडाशी धरला.

काकांच्या हातात कात्री होती. त्यांनी ती फडताळावर ठेवली.

"सुतार, पुढे ये."

"माझा नंबर लागला?"

"आरसा उतरव."

"बाबा, आत्ता?" लेक म्हणाला.

"आत्ता. आणि तो मोरीतला आण. पुसून आण."

"पण पाणसळ घरी राहिलीय," सुतार म्हणाला.

"राहू दे. तिला तिथे करमत असेल तर कायमची राहू दे. जुन्या भोकांत खिळे घाल. डावा वरच्या, दगडाच्या वरच्या."

"बाबा, वाकडा लागेल," लेक अगदी हळू म्हणाला. "पुन्हा सगळ्यांचे कल्ले..."

काका त्याच्याकडे वळले. तीन आठवड्यांनी त्यांची मान पहिल्यांदा वर होती.

"लागेल. मला आता कळतंय ना वाकडा आहे ते? तुझ्या आजोबांना कळत नव्हतं, मला कळत नव्हतं, तोवर ती चूक होती. आता मी डोळे उघडे ठेवून लावतोय. आजपासून ती पद्धत."

लेकानं एकदा बापाकडे आणि एकदा सरांकडे बघितलं. मग त्यानं दिव्यांची वायर काढली, गुंडाळली, आणि आरसा आणायला मोरीकडे गेला.

पोस्टमननं एक बाजू धरली, लेकानं दुसरी. सुतारानं चार ठोके घातले. जुनी काळपट चौकट आपल्या जागी जाऊन, उजवीकडे थोडी उतरून, जणू कधी गेलीच नव्हती अशी बसली. सरांचे डोळे अजून मिटलेलेच होते.

काका खुर्चीमागे उभे राहिले. पांढरं कापड झटकून त्यांनी सरांच्या गळ्याभोवती बांधलं.

"सर, डोळे उघडा," ते म्हणाले. तीन आठवडे हरवलेला आवाज तो.

सरांनी आयुष्यभर मुलांना हुकूम दिले होते. कुणी त्यांना दिला की आधी नवल वाटून ते ऐकत. त्यांनी डोळे उघडले.

आरशात दार वाकडं होतं. बाक वाकडा होता. त्यासमोर उभे असलेले पोस्टमन आणि सुतार, बाजूचा लेक, पदर धरलेल्या मास्तरीणबाई, अख्खं दुकान त्या चौकटीत डावीकडे कलून उभं होतं. आणि मधोमध सर. चौकट जशी उतरली होती तसेच सरही उतरले होते. दोघांचं इतकं जमलं होतं की त्या सगळ्या घोळक्यात एकटे हेडसरच सरळ बसलेले दिसत होते.

सर बघत राहिले. बाकासमोरच्या वाकड्या माणसांवरून त्यांची नजर सावकाश फिरली, वर्गावरून फिरावी तशी, आणि पोस्टमन नकळत ताठ उभा राहिला. मग सरांच्या ओठांचा डावा कोपरा, जो अजून त्यांच्या ऐकण्यात होता, वर गेला.

काकांनी कात्री उचलली.

त्यांनी घाई केली नाही. कानांवरचे केस काढले, वरचे विंचरले. चौकटीच्या खालच्या कडेला डोळा लावून कल्ले जुळवले. दोन्ही बाजूंनी बोट फिरवून बघितलं. उजवा जवभर खाली. बरोबर.

"आता दिसतात हे आमचे," मास्तरीणबाई पुटपुटल्या.

आता मानेवरचे राहिले होते. काकांनी वस्तऱ्याला नवं पातं लावलं, सरांच्या मानेवर साबण लावला आणि तोंडातून सवयीनं शब्द निघून गेले.

"मान खाली."

लेकानं बापाकडे बघितलं. काकांनी वस्तरा तसाच हवेत धरला.

सर आरशातून रोखून बघत होते. त्यांनी तोंडाची जुळवाजुळव केली, ती जमायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळे थांबले.

"ना... ही."

"बरं," काका म्हणाले. "असू दे वर."

त्यांनी एक गुडघा फरशीवर टेकवला, मग दुसरा. आणि अख्ख्या गावाला मान खाली घालायला लावणारे काका स्वतःची मान खाली घालून सरांच्या मानेवरचे केस काढू लागले. आरशात ते सगळ्यांना दिसत होतं. कुणी काही बोललं नाही, पाठीमागेसुद्धा.