हैबतरावांच्या पिकअपची थरथर

पेणच्या तीन मिस्त्र्यांनी हात टेकले, तेव्हा हैबतराव आपली जुनी पिकअप घेऊन रोह्याला माझ्याकडे आले. नाक्यावर जोसेफ मिस्त्री कुठे म्हणून विचारलं, की "शनिवारी बंद ठेवतो, तो यहुदी" एवढंच लोक सांगतात. तेवढ्यावर ते पोचले.

गाडी उभ्या जागी थरथरत होती. पोपटीच्या हंगामात, म्हणजे शेतावर मडक्यात वालाच्या शेंगा भाजायच्या दिवसांत, हैबतराव मडकी वाहायचे आणि पेणहून रोह्याला येईस्तोवर खालची रांग तडकलेली असायची.

"लेक म्हनतो, भंगारात घाला," ते म्हणाले. "मी नाय घालनार. गिरजा असताना घेतलेली गाडी हाय."

त्यांची बायको, गिरजाबाई, वैशाखात गेली होती. हे सांगताना म्हातारा माझ्याकडे न बघता टायरकडे बघत होता.

बॉनेट उघडलं आणि मला आधीच्या मिस्त्र्यांचा रागच आला. डिझेल फवारणारे नोझल नवे, पंखा नवा, इंजिनाखालचे फाउंडेशन रबर तर कोरे करकरीत. बदलत सुटायचं, बसला तर बसला नेम! याला काय मिस्त्रीगिरी म्हणतात?

मी इंजिन चालू ठेवून एकेका नोझलचा पाइप सैल करून पाहिला. चारही वेळा इंजिन सारखंच दबलं, म्हणजे खोट आत नव्हती. मग पहार घालून इंजिन बोटभर उचललं. थरथर थांबली. सोडलं, की पुन्हा सुरू. कुठेतरी ते चासीला टेकत होतं. इंजिन बंद करून मी गाडीखाली शिरलो आणि बॅटरी मारली.

इंजिन आणि चासीच्या फटीत लाल फडक्यातला नारळ रुतून बसला होता. तांब्याच्या तारेनं बांधलेला, तार ढिली होऊन खाली घसरलेला. इंजिनाचा प्रत्येक हिसका त्याच्यातून थेट गाडीत उतरत होता. त्या तिघांना हा दिसला नसेल? देवाचा नारळ म्हणून घाबरले असणार, भित्रे कुठले!

"हैबतराव, इथं नारळ आहे."

"व्हय. दसऱ्याचा. सुकेळीच्या खिंडीत गाडी घसरली ना, त्या साली गिरजानं बांधलान. पडू नये म्हनून तारेनं आवळलान."

"यानंच गाडी थरथरते, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"तिघांनीबी तेच सांगितलं. मी म्हटलं, त्याला हात नाय लावायचा, दुसरं कायबी बदला."

मघाच्या सगळ्या शिव्या मी गिळल्या. "मग माझ्याकडे कशाला आलात?"

मग ते गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकले. "तू आमच्यातला नायस. तुला काय लागायचं नाय. आता मला ‘काढ’ म्हनायला लावू नको, जोसेफ."

मीही काही दगड नाही. बाहेर येऊन साबणानं हात धुतले, पुन्हा खाली गेलो, तार कापली आणि नारळ दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिला. आतलं पाणी कधीच आटलं होतं, गोटा नुसता खडखडत होता. तो घेऊन ते केबिनमध्ये जाऊन बसले.

मी स्टार्टर मारायला सांगितलं. इंजिन सुरू झालं, आणि गाडी जराही थरथरेना. "बघा!" मी खुशीत ओरडलो. "आता मडकं सोडा, अंडंसुद्धा फुटायचं नाही."

हैबतरावांनी स्टिअरिंगवर तळहात टेकला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि एकदम ढसाढसा रडायला लागले.

"घर तर गपच झालंय रे," ते म्हणाले. "आता गाडीबी गप झाली."