हॉरेसच्या तळ्यातले बेडूक

हॉरेस टनिक्लिफने जन्मभर डार्बीशरच्या खाणीत दगड फोडले आणि खाण बंद पडल्यावर परसात एक तळं खणलं. गावाबाहेरच्या कुरणातलं डबकं बुजवून तिथे नवी घरं उठत होती. त्या डबक्यातली बेडकांची अंडी त्याने बादल्या भरभरून घरी आणली. शेजारची अ‍ॅव्हरिल हीथकोट कुंपणावरून बघत होती.

"जन्मभर सुरुंग लावलेस, आणि आता बेडकांची सुईण झालास होय रे?" ती म्हणाली.

पण पुढे दर मार्चमध्ये नर बेडूक पाण्यात घुमायला लागले की चहाचा कप हातात घेऊन पहिली तीच यायची. दोघंही सत्तरीपुढची, दोघंही एकटी. गल्लीत आम्ही त्यावरून काहीबाही बोलायचो, त्याची दोघांनाही फिकीर नव्हती.

त्या वर्षी नोव्हेंबर संपायच्या आतच बर्फ पडायला लागला. तशात हॉरेसच्या लेकीला, शेफील्डच्या जोअ‍ॅनला, दिवस भरण्याआधीच बाळ झालं. हॉरेस मिळाली ती बस धरून निघाला. जाण्याआधी त्याने अ‍ॅव्हरिलला तळ्याचं सगळं नीट समजावलं. तळ्यावरचा बर्फ फोडायचा नाही, खाली चिखलात झोपलेल्यांना दणका बसतो. रोज सकाळी गरम पाण्याचं पातेलं बर्फावर नुसतं टेकवून ठेवायचं, तेवढ्यात भोक पडतं, आणि तळाशी कुजणाऱ्या पानांचा वायू त्यातून निघून जातो. एवढं झालं की बास. अ‍ॅव्हरिल म्हणाली, की तिने तीन पोरं वाढवली आहेत, एक भोक तिला सांभाळता येईल.

तो पोचला आणि मागे डोंगरातला रस्ता बंद झाला. लेकीला बरं नव्हतं, बाळ काचेच्या पेटीत होतं. हॉरेस तिथेच अडकला.

इकडे अ‍ॅव्हरिलने पातेल्याचं काम काही दिवस केलं. मग एका सकाळी उकळत्या पाण्यासकट ती फरशीवर घसरली. हाड मोडलं नाही, पण कंबर अशी धरली की वाकता येईना. भोक तर रोज बुजत होतं. तेव्हा तिला कोपऱ्यावरची पिवळी पेटी आठवली. रस्त्यावर टाकायचं तांबूस जाडं मीठ त्यात असतं, ते टाकलं की बर्फ वितळतो, हे लहान मुलालाही ठाऊक आहे. ती रोज एक फावडं मीठ आणायची आणि लांबूनच तळ्यावर भिरकावायची. भोक छान उघडं राहिलं. पडण्याचं तिने हॉरेसला सांगितलं नाही, त्यामुळे मिठाचंही सांगायचं राहिलं. फोनवर ती एवढंच म्हणायची, की भोक सूपच्या ताटलीएवढं आहे, तू बाळाकडे बघ.

जानेवारीत बर्फ वितळायला लागला. बाळ जगलं, घरी आलं, आणि हॉरेस परतला. पिशवी दारातच ठेवून तो आधी परसात गेला.

बेडूक वर आले होते. फुगलेले, पांढुरके, हातपाय ताणून पाण्यावर पसरलेले. त्यांच्यामध्ये न्यूटची, म्हणजे पाण्यातल्या सरड्यासारख्या जीवांची, छोटी पिल्लं, पाणकिडे, पोटं वर केलेल्या गोगलगायी. हॉरेस गुडघ्यावर बसला. एका बेडकाला त्याने तळव्यावर घेतलं आणि अंगठ्याने त्याच्या डोक्यावरचा चिखल पुसला. मग त्याचं लक्ष काठाकडे गेलं. दगडांच्या फटीत तांबूस खडे अडकले होते. त्याने बोट पाण्यात बुडवून जिभेला लावलं.

अ‍ॅव्हरिल मागे येऊन उभी राहिली.

"मी एकही दिवस चुकवला नाही रे," ती म्हणाली. "माझं काही चुकलं का?"

हॉरेसने बोट कोटाला पुसलं.

"यंदाचा गारठाच तसा होता," तो म्हणाला. "वरच्या आळीतल्या तळ्यातलेही मेलेत, बसमध्ये कोणी सांगत होतं."

ते खोटं नव्हतं. वरच्या आळीत तळ्यावर बर्फाचा जाड थर बसून खालचा जीव गुदमरला होता. दोघांनी मिळून बेडूक कुंपणाखाली पुरले. दुसऱ्या दिवसापासून हॉरेस बादलीने तळं उपसून नवं पाणी भरायला लागला. अ‍ॅव्हरिलने कारण विचारलं, तर तो म्हणाला, मेलेल्यांचं पाणी नासतं.

फेब्रुवारीत अ‍ॅव्हरिलच्या पायरीजवळची प्रिमरोजची रोपं करपली. थंडीने जळतात तशी नाही, कडेकडेने तपकिरी होत गेलेली. त्या पायरीवरही तिने तेच मीठ पसरलं होतं. ती रोपांकडे बघत राहिली, आणि मग तशीच कुंपणाचं फाटक उघडून आली.

"मिठाने मेले ना ते?"

हॉरेस फाटकाचं बिजागर तपासल्यासारखं करत राहिला. मग म्हणाला, "हो."

"आणि तुला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"सांगून काय उठून बसणार होते ते?"

"मी रडले असते, शिव्या खाल्ल्या असत्या, ते माझं मी बघितलं असतं," अ‍ॅव्हरिल म्हणाली. "महिनाभर मी तुझ्या स्वयंपाकघरात बसून थंडीला नावं ठेवत होते, हॉरेस. आणि तू मान डोलवत होतास."

ती गेली. त्यानंतर तिच्या बाजूचं फाटक बंदच राहिलं. हॉरेसने एकदा अ‍ॅपल पाय भाजून तिच्या दारात नेऊन ठेवला. बशी धुऊन परत आली, पण निरोप नाही.

मार्चच्या मध्यावर ऊबदार पाऊस झाला आणि संध्याकाळी बेडक्या आल्या. माद्या बहुतेक जमिनीवरच हिवाळा काढतात, लाकडांच्या ढिगात, कुंपणाच्या मुळांत. मीठ त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. पोटं अंड्यांनी तट्ट फुगलेल्या, ओल्या गवतातून हळूहळू सरकत त्या तळ्यात उतरल्या. त्यांच्या आधी वर येऊन घुमत बसणारे नर मात्र चिखलातच झोपले होते, आणि ते आता कुंपणाखाली होते. पाण्यावर फक्त पावसाचा आवाज होता.

फाटक वाजलं. अ‍ॅव्हरिल आली, कपाशिवाय. ती त्याच्या शेजारी उभी राहून बघत राहिली.

"वाट बघताहेत?" तिने विचारलं.

"हो."

काही दिवस बेडक्या पाण्यात थांबल्या. मग त्यांनी नराशिवायच अंडी टाकली आणि आल्या वाटेने निघून गेल्या. अंड्यांमधले काळे ठिपके वाढलेच नाहीत. आठवड्याभरात सगळं पांढरं, गढूळ झालं आणि त्याला वास सुटला.

ते काढायलाच हवं होतं. हॉरेसने स्वयंपाकघरातली चाळण आणली आणि काठावर गुडघे टेकले. अ‍ॅव्हरिलने कंबरेला एक हात लावून दुसऱ्या हाताने बादली धरली. तो चाळण भरून वर काढायचा, ती बादली पुढे करायची.

"कडेचं राहिलंय," मध्येच ती म्हणाली. त्याने हात लांबवून तेही काढलं.