मीटरमधली चांदणी

घरात नळ नऊ, फ्लशच्या टाक्या दोन, वॉशिंग मशीन एक, गिझर एक. माणसं चार: आई, बाबा, मी आणि दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे राहायला आलेली आत्या. फाटकाजवळ लोखंडी झाकणाखाली पाण्याचा मीटर एक. टेबलावर बिलं दोन, पाण्याचं आणि विजेचं, दोन्ही नेहमीच्या दुपटीहून जास्त. आणि दाराशी आत्याची बॅग एक, भरलेली.

बॅगेचं कारण बाबांचं एक वाक्य होतं. आदल्या दिवशी जेवताना ते बिलं बघून म्हणाले होते, "दोन महिन्यांत असं काय बदललं या घरात?" त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता. पण घरात बदललेली गोष्ट एकच होती, आणि ती समोर बसून जेवत होती. आत्याचं शिवणकामाचं दुकान बंद पडलं, गुडघेही गेले, म्हणून बाबांनीच हट्टानं तिला आणलं होतं. सकाळी तिनं अर्ध्या बादलीत आंघोळ उरकली आणि मैत्रिणीला फोन लावला. ही मैत्रीण चौथ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही.

"पाचला गाडी येईल," आत्या म्हणाली आणि शर्टांना बटणं लावत बसली.

आई बाबांवर उखडली. "अहो, जिभेला काही हाड?"

"मी ताईला कुठे काय म्हणालो? आकडे बोलले."

"मग आजपासून आकडेच तुम्हाला जेवायला वाढतील."

आकडे बोलतात हे मला मात्र पटलं होतं. म्हणून त्यांना आणखी थोडं बोलतं करायचं ठरवलं. पाण्याच्या बिलात जास्तीचे सव्वीस हजार लिटर होते. साठ दिवसांनी भागलं तर रोजचे चारशे तेहतीस. एवढं पाणी एकट्या माणसानं संपवायचं तर त्यानं बाथरूममधून बाहेरच यायला नको.

"सगळे नळ बंद!" मी जाहीर केलं. "पंधरा मिनिटं पाण्याला कुणी हात लावायचा नाही."

"आणि हात धुवायचे असले तर?" बाबांनी विचारलं.

"खिशात ठेवा."

मीटरच्या काचेखाली, आकड्यांच्या रांगेशेजारी, बोटाच्या नखाएवढी एक लाल चांदणी असते. पाइपातून थोडंसं पाणी सरकलं तरी ती फिरते. मी फाटकाजवळ पालथी पडून टॉर्च मारला. नऊच्या नऊ नळ बंद होते, आणि चांदणी फिरत होती. सावकाश, पण अजिबात न थांबता.

"फिरतेय! आई, फिरतेय!"

शेजारच्या कुत्र्यानं भुंकून पाठिंबा दिला. पंधरा मिनिटांत साडेचार लिटर पाणी गेलं. मी तळहातावर पेनानं गुणाकार केला. दिवसाचे चारशे बत्तीस! शोधायचे होते चारशे तेहतीस, सापडले चारशे बत्तीस, आणि तेही आत्या बटणं लावत बसलेली असताना.

आता गळती कुठे आहे ते शोधायचं होतं. तीन वाजत आले होते. आई घरात एकेक कॉक बंद करू लागली आणि खिडकीतून ओरडू लागली.

"फ्लशचे दोन्ही बंद केले! आता?"

"फिरतेय!"

"मशीनचा! आता?"

"फिरतेय!"

"गिझरचा! आता?"

चांदणी अडखळली, अर्धा वळसा गेली आणि थांबली. मी इतक्या जोरात "थांबली!" म्हणून ओरडले की रस्त्यानं जाणारा एक सायकलवालाही थांबला.

म्हणजे गळती गरम पाण्याच्या पाइपात होती. वाहून जाणारं पाणी गिझर रात्रंदिवस तापवत होता. चोर एकच, खिसे दोन कापत होता.

"पण तो पाइप बोळाच्या फरशीखालून स्वयंपाकघरात गेलाय," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज आता जरा उतरला होता. "सात मीटर. सगळं उकरायचं? कुठे म्हणून फोडायचं?"

बोळ म्हणजे बाथरूम आणि स्वयंपाकघर यांच्यामधली अरुंद वाट. तिथे खिडकी नाही, दिवाही मिणमिणता. बटणं लावून झाल्यावर आत्या तिथे येऊन, पाय लांब करून फरशीवर बसली होती. मी तिला उठायला सांगितलं.

"बसू दे गं घटकाभर," ती मला म्हणाली. "तिकडे अशी जागा मिळायची नाही."

"अशी म्हणजे कशी? इथे तर सुईत दोराही ओवता येत नाही."

"गुडघ्यांना बरं वाटतं इथे. शेकल्यासारखं."

आम्हा सगळ्यांना वाटायचं, आत्या तिथे बसते ती दांड्यासाठी. तिला धरून उठता-बसता यावं म्हणून, ती आली त्याच दिवशी बाबांनी बोळात एक लोखंडी दांडा बसवला होता. खाली फरशीवर चौकोनी पट्टी, पट्टीला चार स्क्रू.

शेकल्यासारखं!

मी धावत जाऊन भिंतीवरचा, हवेचं तापमान दाखवणारा थर्मामीटर आणला. पण माणूस बसलं की फरशी तापतेच, म्हणून आत्याची जागा सोडून दिली आणि कुणीच बसत नाही अशा ठिकाणी मोजलं. स्वयंपाकघराच्या दाराशी बावीस अंश. बोळाच्या मध्यावर चोवीस. दांड्याच्या बुडाशी एकतीस.

"बाबा, हा दांडा बसवायला कोण आलं होतं?"

"कोण कशाला यायला हवं? चार स्क्रू तर पिळायचे होते."

"चारही सारखे होते?"

बाबांनी वाकून पट्टीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तीनच मिळाले तसले. चौथा माझ्या डब्यातला लावला. जरा लांब होता. जोर लावावा लागला."

"तो डबा!" आई म्हणाली. "वीस वर्षं सांगतेय, फेकून द्या तो डबा!"

"फरशी फोडायची नाही हं," बाबा मला म्हणाले.

"फोडायची नाहीच. एक स्क्रू काढायचाय. आई, गिझरचा कॉक उघड."

बाबा गुडघ्यांवर बसले. स्क्रू वर येत गेला, येतच गेला, संपेचना. शेवटच्या वळशाला तो निसटला आणि कोमट पाण्याची बारीक धार थेट बाबांच्या चष्म्यावर उडाली.

"बंद! बंद कर! अगं, बंद कर!"

आईला हसण्यामुळे कॉक फिरवता येईना. मी भोकावर अंगठा दाबून धरला. आत्या दांडा धरून उठली, भिजलेल्या भावाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, माझ्या स्वागताला कारंजं लावलं होतंस, तर सांगायचं तरी!"

बाबांनी चष्मा पुसला. हातातला स्क्रू दोन इंची होता.

"भोक मी पाडलं आणि पाणी तुझ्या नावावर मांडलं," ते म्हणाले. "ताई, बॅग आत ठेव."

"गाडी येईल आता."

"गाडीचं मी बघतो. तू बॅग आत ठेव. ठेवतेस की मी ठेवू?"

"तू राहू दे," आत्या म्हणाली. "तू हात लावलास की काहीतरी गळायला लागतं."

बॅग मी आत नेली. पाचला गाडी आली तेव्हा बाबा ओल्या शर्टानंच फाटकापर्यंत गेले आणि तिला परत पाठवून आले. प्लंबरनं एकच फरशी उचलली, वीतभर पाइप बदलला आणि स्क्रू उजेडात धरून विचारलं, "ही कारागिरी कुणाची?"

"होता एक ओळखीचा," बाबा म्हणाले.

"त्याला परत बोलावू नका."

प्लंबर गेल्यावर मी पुन्हा फाटकाजवळ पालथी पडले. सगळे नळ बंद होते. पंधरा मिनिटं चांदणी जागची हलली नाही.

मग बाथरूमच्या खिडकीतून आत्याचा आवाज आला. "अगं ए, किती पाणी घेऊ?"

"हवं तेवढं!"

चांदणी भिरभिरू लागली. दार उघडल्याचा आवाज आला तेव्हा ती थांबली आणि मी आकडा वाचला.

आत्याची आंघोळ: एकसष्ट लिटर.