जवळचं कॉलेज, दूरचं कॉलेज

समुद्रसंवर्धन शिकायला कायलविळीला दोन कॉलेजांत जागा मिळाली होती, एक जवळ तूतुकुडीत आणि दुसरी दूर कोचीत. तिची आई मुनियम्माळ तमिळनाडूतल्या पांबनच्या बेटांभोवती बुड्या मारून समुद्रशेवाळ काढायची. प्रवाळ वाचावेत म्हणून तिथे आता बंदी होती, तरी पोटासाठी बायका जायच्याच.

त्या सकाळी आई रिकाम्या हातांनी परतली. पहारेकऱ्यांनी शेवाळाची पिशवी काढून घेतली होती.

खडकाने कापलेली पायावरची जखम धुता धुता आईने विचारलं, "तूतुकुडीला शिकून नोकरी कुठे लागते गं?"

"बहुतेक इथेच. बेटांवर."

"म्हणजे उद्या माझी पिशवी तू काढून घेणार."

"अम्मा, प्रवाळ पांढरे पडलेत, मेलेत. तूच सांगत होतीस ना?"

"मेलेत. मी कुठे नाही म्हणते? बंद करायचं ते करा. पण तुझ्या हातून नको. तू कोचीला जा."

कायलने कोचीची जागा पक्की केली. जायच्या दिवशी ती एकटीच बॅग घेऊन स्टेशनवर गेली. ओहोटी सकाळची होती आणि आई पहाटेच बायकांबरोबर बेटाकडे निघून गेली होती.