शिलाई मशीनखालचं लॉग टेबल

मी एक जुनं लॉग टेबल आहे. माझी सोळा पानं आहेत आणि सगळ्यांवर नुसते आकडे. कथानक नाही. तरी पोरं मला वाचून रडलेली आहेत.

मित्रांनो, बारावीच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, मी चालतो. माझ्यात बघून अवघड गुणाकाराची साधी बेरीज करता येते. आधी मी माढ्याच्या अभिमन्यूकडे होतो. त्यानं मला खाकी कव्हर घातलं, दोन वर्षं जपलं. पुढं हातोहात मी सोलापुरात चांदबीच्या घरी आलो. तिच्या शिलाई मशीनचा एक पाय आखूड होता आणि मी नेमका तेवढाच जाड निघालो. तीन वर्षं मी गावभरच्या ब्लाउजांचा भार सोसला.

मग चांदबीची मुलगी इफ्रा फिजिक्समध्ये तीन मार्कांनी राहिली. जुलैच्या फेरपरीक्षेत सुटली तरच फार्मसीला प्रवेश, नाहीतर वर्ष वाया.

"सगळी गणितं मोबाइलवर केलीस," चांदबी म्हणाली. "मोबाइल पास झाला की. तू राहिलीस."

"अम्मी, मशीन उचल. खालचं पुस्तक पायजे."

"काढ. ब्लाउज वाकडा झाला तर तूच घाल."

शेजारचे चनबसप्पा सर शिकवायला बसले. प्रकाशाची वारंवारता दिलेली असते. तिला प्लँकच्या स्थिरांकानं गुणलं की प्रकाशाच्या एका कणाची ऊर्जा मिळते. पण हा स्थिरांक फार बारीक, दशांश चिन्हानंतर तेहतीस शून्यं. म्हणून त्याच्या लॉगमध्ये चौतीसवर आडवी रेघ येते. तिला बार म्हणतात. बार म्हणजे उणे. इफ्रा ती रेघ विसरली आणि ऊर्जा अवाढव्य आली.

सरांनी उत्तर बघून चष्मा पुसला. "ह्या एका कणात सूर्यमाला शिल्लक राहत न्हाय, इफ्रा. सोलापूर तर आधीच गेलं."

"मग आता, सर?"

"बार दे. लई लोकांचा जीव वाचंल."

तिनं रेघ मारली. सूर्यमाला वाचली. कुणी आभार मानले नाहीत.

परीक्षेत तसलंच गणित आलं, तीन मार्कांचं. इफ्रानं माझ्यात दोन लॉग शोधले. बार चौतीस आणि चौदा, म्हणजे बार वीस. दशांशांच्या बेरजेतून हातचा एक आला. तिनं लिहिलं, बार एकवीस.

मित्रांनो, हातचा आला की आकडा वाढतो, हे तिला पहिलीपासून माहीत. पण उणे वीसमध्ये एक मिळवला की उणे एकोणीस होतात. मला ते दिसत होतं आणि मला तोंड नव्हतं. एवढा असहाय मी मशीनखालीही नव्हतो.

ती पान उलटणार, तेवढ्यात थांबली. पुटपुटली, "सहा सक छत्तीस."

"पाढे मनात," सुपरव्हायझर बाई म्हणाल्या.

गुणायच्या दोन्ही संख्या सहानं सुरू होत होत्या आणि छत्तीस म्हणजे दहाच्या वर, उत्तर वाढायला हवं. मग उणे वीसचे त्याहून लहान उणे एकवीस कसे? तिनं एकवीस खोडलं, एकोणीस लिहिलं. त्यावरचा बार सरळ आला.

इफ्रा सुटली. फार्मसीला जायच्या आधी तिनं मला खालच्या घरातल्या आरोहीला दिलं. आरोहीनं मला उलटंपालटं केलं. "ह्याला चार्जिंग कुटं लावायचं?"

मी रागावलो नाही. पण मित्रांनो, आम्हांला टेकू म्हणून लावू नका, आमच्यावर चहाचा कप ठेवू नका. माझी एक ओळ इफ्राच्या बोटाखाली पार फिकी झाली आहे. खिडकीशी धरलंत तर अजून वाचता येते. प्रकाशाच्या एका कणाची ताकद फार थोडी, पण ते पुष्कळ येतात.